मामाच्या कावडीतला भात

मलेशियात रात्री उशिरा भूक लागली की मित्र एकमेकांना विचारतात, 'मामाककडे जायचं का?' मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांनी चालवलेलं साधं उपाहारगृह. प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टीलची टेबलं, भिंतीवर मोठा टीव्ही आणि त्यावर फुटबॉलचा सामना. यातली बरीचशी दुकानं चोवीस तास उघडी असतात. वेटर गिऱ्हाइकाला 'बॉस' म्हणतो आणि गिऱ्हाईकही वेटरला 'बॉस'च म्हणतं. जुनी माणसं 'अण्णे' अशी तमिळ हाक मारतात.

'मामाक' या शब्दाचं मूळ मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तो तमिळ 'मामा' आहे. आपण मराठीत मामा म्हणतो, आपल्या घरांत मामू म्हणतो, तेच नातं. पिनांग, मलाक्का, सिंगापूरच्या पोरांनी कोपऱ्यावरच्या तमिळ मुसलमान दुकानदाराला आदरानं मामा म्हटलं आणि ती हाक पुढे अख्ख्या समाजाला चिकटली. आज त्याच समाजातल्या काहींना हा शब्द हिणवणारा वाटतो. हाकेचं असं जातिवाचक नाव कसं होतं, याचे अनुभव आपल्याकडेही कमी नाहीत.

हे मामा तिथं पोहोचले कसे? तमिळ किनाऱ्यावरचे मुसलमान व्यापारी कित्येक शतकं बंगालचा उपसागर ओलांडत होते. नागूर, नागपट्टिनम, कारैकल या बंदरांतून मरक्कायर घराण्यांची जहाजं कापड घेऊन पूर्वेकडे जात. फ्रान्सिस लाइटनं 1786 साली पिनांग बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात घेतलं, तेव्हा हे लोक त्या टापूत मुळीच नवखे नव्हते. इंग्रज त्यांना 'चुलिया' म्हणत. जॉर्जटाउन शहरातला चुलिया स्ट्रीट आजही त्याच नावानं आहे. तिथून जवळच कपितान केलिंग मशीद आहे. ती 1801 मध्ये उभी राहिली आणि तिचं नाव पडलं कादर मोहिदीन या तमिळ मुसलमान पुढाऱ्याच्या पदावरून.

इथं थोडं थांबून नागूरबद्दल सांगायला हवं. नागूरला सोळाव्या शतकातले सूफी संत शाहुल हमीद यांचा दर्गा आहे. दर्यावर्दी लोकांची त्यांच्यावर मोठी श्रद्धा. जहाज निघायचं ते त्यांना नवस बोलून. पूर्वेला सुखरूप पोहोचलेल्यांनी तिथंही त्यांच्या नावाच्या वास्तू बांधल्या. सिंगापूरच्या तेलोक आयर स्ट्रीटवर 1828 ते 1830 या काळात एक बांधली गेली, पिनांगच्या चुलिया स्ट्रीटपाशी दुसरी आहे. या वास्तूंमध्ये कबर नाही, फक्त आठवण आहे. मूळ नागूरच्या दर्ग्याला पाच मिनार आहेत. त्यांतला सर्वांत उंच, 131 फुटांचा मिनार बांधला तो तंजावरच्या प्रतापसिंह राजे भोसल्यांनी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या वंशातला हा मराठी राजा 1739 ते 1763 या काळात गादीवर होता. म्हणजे जहाजाच्या फळीवर उभं राहून मागं वळून पाहणाऱ्या तमिळ मुसलमानाला देशाची जी शेवटची खूण दिसत असेल, ती एका मराठी हिंदू राजानं उभी केलेली होती. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट सहसा भेटत नाही.

व्यापाऱ्यांच्या मागोमाग गरीब माणूस आला. तिरुनेलवेली भागातल्या कडयनल्लूर आणि तेनकासी इथल्या मुसलमानांची यात मोठी संख्या होती. कडयनल्लूरचे लोक विणकर. हातमागाचा धंदा बसला, दुष्काळ पडले आणि त्यांनी समुद्राची वाट धरली. इतर अनेकांपेक्षा त्यांचं एक वेगळेपण होतं. ते बायकामुलांसह आले. त्यांच्या बायका मसाले कुटून, वाटून विकत. मामाकच्या रश्शाची तारीफ करताना आचाऱ्याचं नाव घेतलं जातं. पाट्यावरच्या त्या हातांची नावं कुठं लिहिलेली नाहीत.

पिनांग बंदरावर हमालांची, गोदी कामगारांची गर्दी असे. त्यांना सकाळी पोटभर आणि स्वस्त खाणं हवं होतं. एक तमिळ मुसलमान खांद्यावर आडवी काठी घेई, एका टोकाला भाताचं भांडं, दुसऱ्या टोकाला रश्शाची भांडी आणि निघे. या काठीला मलय भाषेत 'कांदार' म्हणतात. मराठीत तिला नेमका शब्द आहे, कावड. 'नासी' म्हणजे भात. 'नासी कांदार' हे नाव शब्दशः 'कावडीचा भात' असं आहे. पुढे कावड खाली ठेवून लोक झाडाखाली, मग दुकानाच्या ओसरीत बसू लागले. पिनांगच्या कॅम्पबेल स्ट्रीटवरचं हमीदिया हे दुकान 1907 पासूनचं आणि आज चालू असलेल्या नासी कांदारच्या दुकानांत सर्वांत जुनं मानलं जातं. काठी कधीच गेली, नाव राहिलं.

आजही या पदार्थाची रीत कावडीच्या काळातलीच वाटते. काउंटरवर पातेल्यांची रांग असते. कोंबडीचा, मटणाचा, बीफचा रस्सा, मासळीच्या डोक्याचं कालवण, गाभोळीचं कालवण, माखूल, तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, भेंडी. आपण बोट दाखवायचं. वाढणारा भातावर तुकडे ठेवतो आणि मग खरी कारागिरी सुरू होते. तो चार-पाच पातेल्यांतून एकेक पळी रस्सा घेऊन भातावर ओततो. एकच रस्सा घेणाऱ्याला खाण्यातलं कळत नाही, अशी तिथली समजूत आहे. रस्सा जास्त हवा असेल तर 'बांजिर' म्हणायचं, म्हणजे पूर. भात अक्षरशः बुडतो. आपण कोकणातली माणसं कालवणाखाली भात बुडवायला कधी लाजलो नाही, त्यामुळे हा शब्द मला फार आवडतो.

दुसरा पदार्थ रोटी चनाई. सिंगापूरला गेलात तर हिलाच 'प्राता' म्हणतात, आपल्या पराठ्याचाच भाऊबंद. मैद्याचे गोळे तेलात बुडवून ठेवलेले असतात. आचारी एक गोळा उचलतो, हवेत फिरवून फिरवून त्याची आरपार दिसेल एवढी पातळ चादर करतो, दुमडतो, तव्यावर टाकतो आणि उतरवल्यावर दोन्ही तळव्यांनी टाळी वाजवल्यासारखी दाबतो, म्हणजे पदर सुटतात. सोबत डाळ आणि माशाचा रस्सा. नावाबद्दल वाद आहेत. कोणी म्हणतं चनाई म्हणजे चेन्नई, कोणी म्हणतं मलय भाषेत चनाई म्हणजे पीठ लाटणं, मळणं, तर कोणी त्यात चणे शोधतं. मला यात निकाल लावण्याची घाई नाही. साधी हवी असेल तर 'कोसोंग' म्हणायचं, म्हणजे रिकामी. अंड्याची हवी तर 'तलूर'.

मुर्तबाक हा तिसरा. अरबीत मुतब्बक म्हणजे दुमडलेलं. तीच पातळ चादर, आत खिमा, कांदा, अंडं आणि चारी बाजूंनी घडी. मुंबईत मोहम्मद अली रोडवर बैदा रोटी खाल्लेल्या माणसाला पहिल्याच घासात ओळख पटेल. सिंगापूरमध्ये सुलतान मशिदीसमोर, नॉर्थ ब्रिज रोडवर झमझम नावाचं उपाहारगृह 1908 पासून मुर्तबाक विकतं आहे. अरबी नाव, केरळी मालक, मलय गिऱ्हाईक आणि पत्ता इंग्रजांनी आखलेल्या रस्त्यावरचा.

पण मला सर्वांत बोलका वाटतो तो 'मी गोरेंग मामाक'. पिवळ्या जाड गव्हाच्या नूडल्स चिनी लोकांच्या, टोफूही त्यांचाच. गोरेंग, म्हणजे तळलेलं-परतलेलं, हा शब्द मलय. त्यात तमिळ मुसलमानानं मिरचीचा लाल मसाला, टोमॅटो, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी आणि अंडं घातलं, वर लिंबू पिळलं. चीनमध्ये असा पदार्थ नाही, तमिळनाडूतही नाही. शेजारच्या गाडीवर काय शिजतंय ते पाहून, आपल्या गिऱ्हाइकाला काय रुचेल याचा अंदाज घेऊन तो तिथल्याच रस्त्यावर तयार झाला.

आणि 'तेह तारिक', ओढलेला चहा. उकळलेल्या भुकटी चहात डब्यातलं घट्ट गोड दूध घालायचं. उष्ण प्रदेशात ताजं दूध टिकत नाही आणि मिळतही नसे, म्हणून डब्याचं. मग एका मगातून दुसऱ्या मगात उंचावरून ओतत राहायचं. चहा निवतो, वर फेस येतो आणि बघ्यांची करमणूक होते.

या दुकानांत कोण बसतं, हे पाहण्यासारखं आहे. मलेशियात मलय, चिनी आणि भारतीय हे तीन मोठे समाज. चिनी खानावळीत डुकराचं मांस असू शकतं, म्हणून मलय मुसलमान तिथं सहसा जात नाही. मामाककडे सगळं हलाल, त्यामुळे तो निर्धास्त येतो. चिनी माणसाला हलालची अडचण नाही. हिंदू तमिळ बीफच्या पातेल्याकडे न बघता रोटी, डाळ, मासळी घेतो, चव तर त्याच्या घरचीच आहे. पक्का शाकाहारी तेवढा दुसरीकडे जातो. आपल्याकडे हलाल हा शब्द उच्चारला की 'ही वेगळी चूल कशाला' असं विचारलं जातं. तिथं त्याच शब्दामुळे सर्वांना एका टेबलावर बसता आलं. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खानावळींना मालकाचं नाव ठळक लावण्याचा हुकूम निघाला आणि सर्वोच्च न्यायालयानं 22 जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली. ती बातमी वाचताना मला राहून राहून पिनांगच्या कावडीची आठवण येत होती.

मात्र मलेशिया म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणणार नाही. ज्याच्या हातचं रोज खातात, त्याला आपला म्हणायला तिथंही लोक अडखळतात. मलेशियाच्या संविधानातलं कलम 160 मलय कोण ते सांगतं. इस्लाम मानणारा, मलय भाषा बोलणारा, मलय चालीरीती पाळणारा आणि स्वातंत्र्याआधीपासून त्या भूमीशी नातं असलेला. अनेक मामाक कुटुंबं यात बसतात असं त्यांचं म्हणणं आहे, पण कागदावर ती 'भारतीय' राहतात. आणि भारतीयांचं राजकारण म्हटलं की हिंदू तमिळांचं. भूमिपुत्रांना मिळणाऱ्या सवलती आम्हालाही द्या, ही मागणी अधूनमधून उठते आणि विरते. महाथीर मोहम्मद दोन वेळा पंतप्रधान झाले, पण त्यांच्या आजोबांची भारतीय मुळं विरोधकांना हवी तेव्हा सापडतात. 2017 मध्ये उपपंतप्रधान अहमद जाहिद हमिदी यांनी तर महाथीर यांच्या जुन्या ओळखपत्रावर 'इस्कंदर कुट्टी यांचा मुलगा' अशी नोंद असल्याचा दावा केला. कुट्टी या दोन अक्षरांत परकेपणाचा सगळा आरोप आला.

त्यानंतर जून 2018 मध्ये मनुष्यबळ मंत्री एम. कुलसेगरन यांनी जाहीर केलं की 1 जानेवारी 2019 पासून उपाहारगृहांत फक्त स्थानिक आचारीच ठेवता येतील. मामाक मालकांची झोप उडाली. त्यांची मुलं शिकून नोकऱ्यांना लागली, तव्यासमोर उभी राहायला तयार नाहीत. तिथं उभा असतो तो परवान्यावर आलेला मजूर, बऱ्याचदा तमिळनाडूचा. टीका झाली आणि थोड्याच दिवसांत मंत्र्यांनी शब्द मागे घेतले. गंमत म्हणजे मंत्री स्वतः तमिळ वंशाचेच. ज्यांचे पणजोबा जहाजातून उतरले होते, तेच आता नंतर उतरलेल्याला परका ठरवत होते.

पुढे डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोनं मलेशियाच्या न्याहारीची संस्कृती आपल्या वारशाच्या यादीत घेतली. नासी लेमाकच्या बरोबरीनं त्यात रोटी चनाई आणि तेह तारिक आहेत. सिंगापूरच्या फेरीवाल्यांच्या खाद्यसंस्कृतीला हा मान 2020 मध्येच मिळाला होता. तव्यासमोरच्या माणसाला परवाना मात्र दर वेळी नव्यानं काढावा लागतो.

कधी त्या बाजूला जाणं झालं, तर पिनांगला भल्या सकाळी पोहोचा. आदल्या रात्री बेतानं जेवा. रांग लांब दिसली तरी घाबरू नका, ती झपाट्यानं सरकते. एक तुकडा मांसाचा, थोडी भेंडी, अर्धं अंडं घ्या आणि 'बांजिर' म्हणा. बहुतेक ठिकाणी भावफलक नसतो. वाढणारा ताटाकडे एक नजर टाकतो आणि आकडा सांगतो. तो कसा काढला ते विचारू नका, मामाला हिशेब विचारायचा नसतो.