कोयना धरणग्रस्तांची भरपाई

सातारा जिल्ह्यातील कोयना जलविद्युत् प्रकल्पासाठी ज्यांच्या जमिनी शासनाने संपादन केल्या, त्या कुटुंबांनी मोबदला व पर्यायी जमीन यांसाठी केलेली मागणी व तिचा इतिहास. पाटण तालुक्यात हेळवाकजवळ १९५४ मध्ये धरणाचे काम सुरू झाले व सु. १९६४ मध्ये ते पूर्ण झाले. शिवसागर जलाशयामुळे पाटण व जावळी तालुक्यांतील शंभराच्या आसपास गावे उठली. मुळशी येथे १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली खाजगी कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला होता. कोयनेचे धरण स्वतंत्र देशाच्या शासनाचे होते. मुळशीसारखा सत्याग्रह येथे झाला नाही.

त्या वेळी पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा नव्हता. संपादन झाले ते १८९४ च्या भूसंपादन अधिनियमान्वये. त्यात जमिनीचा बाजारभाव व त्यावर शेकडा १५ दिलासा रक्कम देण्याची तरतूद होती; जमिनीबद्दल जमीन देण्याचे बंधन नव्हते. निवाड्यातील रक्कम अमान्य असल्यास दिवाणी न्यायालयाकडे प्रकरण पाठविण्याची मागणी करता येई. परंतु ज्याने हरकत न नोंदविता पैसे स्वीकारले, त्याचा हा हक्क संपुष्टात येई. डोंगराळ भागातील निरक्षर खातेदाराने पैसे घेताना उठविलेला अंगठा अशा रीतीने त्याच्या दाव्यावरील अखेरची मोहोर ठरू शके. शिवाय मोबदला कागदोपत्री असलेल्या हक्काचा. गायरान, रानातील सरपण व चारा यांवर चालणाऱ्या उपजीविकेचे मोल या हिशेबात जवळजवळ नव्हतेच.

विस्थापितांना सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, कुलाबा (रायगड), ठाणे इ. जिल्ह्यांत वसविण्यात आले. काही कुटुंबे मात्र पाणी चढू लागताच जलाशयाच्या वरच्या उतारांवर सरकली. १९८५ मध्ये तेथे कोयना अभयारण्य जाहीर झाले आणि त्यांच्यापुढे स्थलांतराचा प्रश्न दुसऱ्यांदा उभा राहिला.

महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये केला. त्यानंतर १९८६ व १९९९ चे अधिनियम आले. लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांकडून जमीन घेऊन ती विस्थापितांस द्यावयाची, हे या कायद्यांचे मुख्य सूत्र होय. कोयनेची अडचण नेमकी येथेच आहे. तिचे बरेचसे पाणी बोगद्याने पश्चिमेस पोफळीकडे नेले जाते व वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठी नदीवाटे समुद्रास मिळते. विजेचे लाभक्षेत्र शिवारात मोजता येत नाही.

या कोंडीतून वाट दाखविली ती प्रामुख्याने सांगली जिल्ह्यातील चळवळींनी. वाळवे येथील नागनाथ नायकवडी आणि कासेगावचे भारत पाटणकर यांनी धरणग्रस्तांचा प्रश्न दुष्काळी तालुक्यांच्या पाणीप्रश्नाशी जोडला. कोयनेतून पूर्वेस सुटणारे पाणी कृष्णेत येते व तेच टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांस उपयोगी पडते. तेव्हा या योजनांच्या लाभक्षेत्रात जमीन मागण्यास आधार मिळतो. हा युक्तिवाद कायद्याच्या भाषेत कितपत बसतो याविषयी मतभेद संभवतात; न्यायाच्या दृष्टीने तो बिनतोड आहे.

कोयनानगर येथे २०१८ मध्ये धरणग्रस्तांनी दीर्घकाळ ठिय्या आंदोलन केले. पर्यायी जमिनीबरोबरच खातेदारांच्या संकलन याद्या अद्ययावत कराव्यात, अशीही त्यांची मागणी होती. कारण मूळ खातेदारांपैकी अनेक जण तोवर हयात नव्हते आणि एकेका खात्यावर तिसऱ्या पिढीतील अनेक वारस उभे होते.