बर्मिंगहॅमचा खर्ज

मैफलींत सर्वांचे डोळे गायकाकडे असतात. मागें बसून तंबोरा छेडणाऱ्याकडे सहसा कोणी पाहात नाहीं. परंतु तंबोऱ्याचा खर्ज क्षणभर थांबला, तर गायकाच्या पायांखालची जमीनच सरकते. आज अशाच एका खर्ज सांभाळणाऱ्याची हकीकत मी सांगणार आहें.

स्थळ इंग्लंडांतील बर्मिंगहॅम, धातुकामाच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध असलेलें शहर. १९६५ सालीं तेथील पत्र्याच्या कारखान्यांत टोनी आयोमी या तरुण कामगाराच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचीं टोकें यंत्रांत तुटलीं. पुढें 'ब्लॅक सॅबाथ' या वादकमंडळींत गिटार वाजवितांना बोटांवरील ताण कमी व्हावा, म्हणून त्यांनीं तारा सैल लावल्या आणि स्वर खालीं उतरला. 'मेटल' या नांवानें जगभर पसरलेल्या जड, गंभीर वादनपद्धतीचा तो एक उगम होय.

त्याच शहरांत पुढल्या पिढींत जी. सी. ग्रीन हे बास गिटार वाजवूं लागले. बास गिटारीला सामान्यतः चार जाड तारा असतात आणि ती साध्या गिटारीहून एक सप्तक खालीं बोलते. 'फॉल ऑफ बिकॉज' या मंडळींत ग्रीन यांच्या जोडीला जस्टिन ब्रॉडरिक हे ड्रम वाजवीत. १९८८ सालीं या दोघांनीं 'गॉडफ्लेश' ही मंडळी स्थापन केली. ब्रॉडरिक यांनीं गिटार व गायन पत्करलें, आणि तालासाठीं माणसाऐवजीं ड्रम मशीन हें यंत्र बसविलें.

ग्रीन यांचें वैशिष्ट्य येथेंच दिसतें. यंत्राचा ठोका दमत नाहीं कीं चुकत नाहीं. म्हणूनच तो निर्जीव वाटण्याचें भय. ग्रीन यांनीं त्याच्याशीं शर्यत केली नाहीं. थोडेच स्वर, मुद्दाम खरखरीत केलेले, ते पुनःपुन्हा त्या ठोक्याला बिलगून वाजवीत राहिले. १९८९ च्या 'स्ट्रीटक्लीनर' या ध्वनिमुद्रिकेंत बासचा स्वर मागें न राहतां भिंतीसारखा पुढें उभा आहे. कित्येकांना तो नुसता गोंगाट वाटेल. मलाहि प्रथम तसेंच वाटलें.

पुढें हाडामांसाचे तालवादक आले: १९९६ च्या ध्वनिमुद्रिकेंत ब्रायन मॅन्टिया, २००१ च्या ध्वनिमुद्रिकेंत टेड पार्सन्स. त्यानंतर ग्रीन बाहेर पडले. त्यांच्या जागीं पॉल रेव्हन यांना घेतलें, तरीहि २००२ सालीं मंडळी मोडली. ताल बदलून पाहतां आला. खर्ज मात्र बदलतां आला नाहीं.

२०१० सालीं फ्रान्समधील हेलफेस्ट महोत्सवांत ग्रीन आणि ब्रॉडरिक पुन्हा एकत्र उभे राहिले. तालाला पुन्हा यंत्र आलें. २०१४, २०१७ व २०२३ सालीं त्यांच्या नव्या ध्वनिमुद्रिका निघाल्या.

श्रोतेहो, मीं शाळेंत तीस वर्षें इतिहास शिकविला. सेनापतींचीं नांवें मुलांकडून पाठ करून घेतलीं. पाया सांभाळणाऱ्यांचीं नांवें कधीं सांगितलीं नाहींत. ती उणीव थोडी तरी भरून निघावी, म्हणून आज हें एक नांव सांगितलें.