रूमी टोपी ते बेलबॉटम

मुलानं फाटकी जीन्स घातली की तेलगावातही तेच ऐकू येतं, ‘आमच्या वेळी असं नव्हतं.’ खरंच नव्हतं?

१९४८पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शिकलेल्या मुसलमान घरांत शेरवानी आणि रूमी टोपी हा तेव्हाचा खानदानी पोशाख. पण ही टोपीसुद्धा एके काळची नवी टूमच. उस्मानी सुलतान दुसरा महमूद यानं १८२९मध्ये पागोटं काढायला लावून ती अंमलदारांच्या डोक्यावर चढवली. १९२५मध्ये केमाल पाशानं तिलाच जुनाट ठरवून तिच्यावर बंदी घातली.

पुढे १९७२चा दुष्काळ पडला. १९७३मध्ये ‘बॉबी’ आला. पोरांनी कान झाकतील एवढे केस वाढवले, टेरिकॉटच्या पँटची मोहरी रुंद करून घेतली. दुष्काळात होरपळलेल्या बापांना ही कापडाची नासाडी वाटली. त्यांचंही खोटं नव्हतं.

मुलींचं अधिक अवघड. परकर-पोलकं आणि साडी सोडून त्यांनी पंजाबी ड्रेस मागितला, तेव्हा कितीतरी घरांत वाद झाले. आज जीन्स मागणाऱ्या मुलीला आपणच म्हणतो, ‘त्यापेक्षा साधा पंजाबी ड्रेस घाल.’

श्रोतेहो, कपड्यांवरून मुलांना जरूर बोला. तो आईबापांचा हक्क आहे. पण त्या रागात मुलीचं कॉलेज बंद करू नका. फॅशन चार वर्षांत जाते, सुटलेलं शिक्षण सहसा पुन्हा हाती लागत नाही.

(संपादित आकाशवाणी भाषण)