गोसीखुर्द : एका जोडनावाची कहाणी



मी पंडित नव्हे. माझे शिक्षण झाले ते विडी कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता. एकदा एका बाईंचा अर्ज कचेरीतून परत आला. कारण काय, तर गावाच्या नावापुढे 'खु.' लिहावयाचे राहिले होते, आणि कागद त्याच नावाच्या 'बु.' गावाच्या गठ्ठ्यात जाऊन पडला होता. एका अक्षरापायी त्यांचे हक्काचे पैसे आठ महिने अडले. तेव्हापासून त्या अक्षराच्या शोधाचा मला नाद लागला.

'खु.' म्हणजे खुर्द, 'बु.' म्हणजे बुद्रुक. दोन्ही शब्द मूळचे फारसी. खुर्द म्हणजे लहान. 'बुजुर्ग' म्हणजे थोर. तोच मराठी जिभेवर घासून बुद्रुक झाला. सुट्या नाण्यांना आपण खुर्दा म्हणतो, तो ह्याच खुर्दचा भाऊ.

सुलतानी अमलात दख्खनच्या दप्तरांत फारसीचा मोठा शिरकाव झाला. एकाच नावाची दोन गावे जवळ असली, की वसुलीत घोटाळा व्हावयाचा. म्हणून मोठ्या गावाला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द असे शेपूट जोडले गेले. पुण्याचे कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द ही अशीच जोडी. पुढे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले; पण गावांची ही शेपटे टिकली.

तेव्हा गोसीखुर्द म्हणजे धाकटे गोसी. मात्र ध्यानात घ्या, हे धाकटेपण दप्तराच्या मापाचे आहे, माणसांच्या मोलाचे नव्हे.

ह्याच गावाजवळ वैनगंगेवरील धरणाची कोनशिला 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. धरणाची लांबी 11 किलोमीटरांहून अधिक, दरवाजे 33, संकल्प अडीच लाख हेक्टर भिजविण्याचा. सरकारी नाव इंदिरा सागर. लोकांच्या तोंडी मात्र गोसीखुर्दच. दप्तराने ज्याला लहान म्हटले, त्याचेच नाव एवढ्या मोठ्या धरणाला चिकटले!

पण ह्या मोठेपणाची किंमत पाण्याखाली गेलेल्या गावांनी मोजली. घर बुडाले, शेत बुडाले, की माणसाजवळ उरते ते यादीतले नाव. म्हणून माझी विनंती एवढीच : अर्जावर गावाचे नाव पुरते लिहा, आणि यादी करणाऱ्यांनी खुर्दचा हिशेब बुद्रुकाइतकाच चोख ठेवावा.