पाठ टाचण (भाषा)

वर्गात जाण्यापूर्वी शिक्षकाने केलेला तासिकेचा लेखी आराखडा. शिक्षक प्रशिक्षणातील सराव पाठांसाठी तो सक्तीचा असतो.

या पद्धतीच्या मुळाशी जर्मन तत्त्वज्ञ योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) यांचा विचार आहे. त्यांनी अध्यापनाच्या चार पायऱ्या मांडल्या; पुढे त्सिलर आणि राइन या अनुयायांनी त्यांची पंचपदी केली.

भाषेच्या तासाला मात्र ही चौकट जपून वापरावी लागते. कर्मणी प्रयोगच घ्या. नवा शिक्षक बहुधा व्याख्येपासून सुरुवात करतो आणि निम्मी तासिका फळ्यावरच संपते. त्याऐवजी ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी केळे खाल्ले’ ही वाक्ये आधी मुलांच्या तोंडी आणावीत. क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे नव्हे, तर खाल्लेल्या पदार्थाप्रमाणे बदलते, हे मग त्यांनाच सापडते, आणि तो आनंद मोलाचा असतो. प्रयोगाचे नाव शेवटी सांगावे.

उद्दिष्ट तपासता येईल असे लिहावे. ‘प्रयोग समजेल’ हे मोघम आहे. ‘विद्यार्थी कालच्या जेवणाबद्दल पाच अचूक वाक्ये बोलेल’ हे पडताळता येते. पाठ लवकर आटोपला तर हाताशी असावीत म्हणून ‘पत्र लिहिले’, ‘चिठ्ठी लिहिली’ अशी दोन-तीन वाक्ये टाचणाच्या समासात राखून ठेवावीत.