खेळाडू नेमका कुणाचा?

१५ जून १९७७. अमेरिकेतल्या बेसबॉल संघांना हंगाम चालू असताना आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करण्याची मुदत त्या दिवशी मध्यरात्री संपत होती. ती संपण्याआधी न्यूयॉर्कच्या ‘मेट्स’ संघाने आपला सर्वांत मोठा खेळाडू टॉम सीव्हर सिनसिनाटीच्या ‘रेड्स’ला देऊन टाकला आणि बदल्यात चार तरुण खेळाडू घेतले. त्याच रात्री मेट्सचा जोरदार फटकेबाज डेव्ह किंगमन सॅन दिएगोला रवाना झाला. न्यूयॉर्ककरांनी या रात्रीला नाव दिलं, ‘मध्यरात्रीचं हत्याकांड’. खरं तर कुणाला साधा ओरखडाही उठला नव्हता. कागदावर चार सह्या झाल्या होत्या, एवढंच. मग लोकांच्या तोंडी असा भयंकर शब्द का आला असेल?

बेसबॉल आपल्या अंगणातला खेळ नव्हे. पण खेळाडूंची ही देवघेव आता आपल्याला अगदीच अनोळखी राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबई इंडियन्सकडे परत आला, रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला, आणि एप्रिल २०२४ मध्ये वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, हे आपण पाहिलं. आपल्याकडे हा अनुभव नवा. अमेरिकेत मात्र बेसबॉलचा चाहता शंभर वर्षांहून अधिक काळ तो पचवत आला आहे. सीव्हरची गोष्ट त्यातली सर्वांत बोलकी म्हणावी लागेल.

तिच्यासाठी थोडं मागे जायला हवं. १९५७ च्या हंगामानंतर न्यूयॉर्कचे दोन जुने संघ, ब्रुकलिनचे डॉजर्स आणि मॅनहॅटनचे जायंट्स, शहर सोडून कॅलिफोर्नियाला निघून गेले. नवी मोठी बाजारपेठ मालकांना खुणावत होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी या संघांवर जीव टाकला त्यांना कुणी विचारलंदेखील नाही. जायंट्सच्या संचालकांमध्ये या स्थलांतराच्या विरोधात एकच मत पडलं. ते होतं जोन पेसन या श्रीमंत भागधारक बाईंचे प्रतिनिधी एम. डोनाल्ड ग्रँट यांचं. हे नाव लक्षात ठेवा.

पुढे याच पेसनबाईंच्या पैशांतून १९६२ मध्ये मेट्सचा जन्म झाला. डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी असे दोन्ही रंग नव्या संघाने घेतले. पहिल्याच वर्षी संघ १२० सामने हरला! तरी लोक येत राहिले. एकदा घर मोडलेल्या माणसांना निदान पुन्हा एक घर मिळालं होतं.

अशा संघात सीव्हर आला तो चक्क चिठ्ठीने. १९६६ मध्ये अटलांटाच्या संघाने या कॉलेजकुमाराशी करार केला होता. पण त्याच्या कॉलेजचा हंगाम सुरू झालेला असल्याने तो नियमबाह्य ठरला. मग त्याच रकमेला तयार असलेल्या तीन संघांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या गेल्या आणि मेट्सची चिठ्ठी निघाली. सीव्हर पिचर होता, म्हणजे चेंडू फेकणारा. आपल्या भाषेत गोलंदाज म्हणा. १९६७ मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. १९६८ मध्ये दहा संघांत नववा आलेला मेट्स १९६९ मध्ये थेट जगज्जेता झाला. सीव्हरने त्या हंगामात २५ सामने जिंकून दिले. माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी मेट्सही जिंकले, आता काहीही अशक्य नाही, असं न्यूयॉर्ककर गमतीने म्हणू लागले. सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार सीव्हरने मेट्सकडून तीनदा पटकावला. लोक त्याला ‘द फ्रँचाइझ’ म्हणत. म्हणजे हा एक खेळाडू नव्हे, हाच आमचा संघ!

आता कायद्याची बाजू पाहू. १८७९ पासून बेसबॉलमध्ये ‘राखीव कलम’ नावाची एक तरतूद होती. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही. मालक त्याला विकू शके, बदलून घेऊ शके. खेळाडूला मात्र आपणहून दुसरीकडे जाता येत नसे. १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला असंच फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. बारा वर्षं तिथे खेळलेल्या फ्लडने जायला नकार दिला. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असं त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवलं आणि तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. फ्लडची कारकीर्द संपली. पण प्रश्न संपला नाही. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाने दोन पिचरांच्या बाजूने निर्णय दिला आणि राखीव कलमाचं कंबरडं मोडलं. पुढच्या वर्षी झालेल्या समझोत्यानुसार सहा वर्षं खेळलेल्या खेळाडूला मोकळं होण्याचा हक्क मिळाला. पगार भराभर वाढू लागले.

सीव्हरचं भांडण नेमकं या सांध्यावर झालं. १९७५ मध्ये पेसनबाई वारल्या आणि सूत्रं ग्रँट यांच्या हाती आली. सीव्हरने १९७६ मध्ये वर्षाला सव्वादोन लाख डॉलरचा तीन वर्षांचा करार केला होता. थोड्याच काळात त्याच्याहून कमी कर्तबगारीचे खेळाडू अधिक पैसे घेऊ लागले. मेट्स बाजारात उतरून चांगले खेळाडू का घेत नाहीत, असं सीव्हर उघडपणे विचारू लागला. ग्रँट यांना हा उद्धटपणा वाटला. त्यांचीही एक बाजू होती. त्यांच्या दृष्टीने करार म्हणजे दिलेला शब्द, आणि उधळपट्टीने धंदा बुडतो. दोघांच्या वादात ‘डेली न्यूज’चे नामांकित क्रीडालेखक डिक यंग यांनी ग्रँट यांची बाजू उचलून धरली. तरीही तडजोड जवळपास झाली होती. मग १५ जूनच्या लेखात यंग यांनी लिहिलं की, सीव्हरच्या पत्नीला नोलन रायनच्या पगाराचा हेवा वाटतो. रायन हा मेट्सनेच १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाला देऊन टाकलेला, पुढे महान ठरलेला पिचर आणि सीव्हरचा जुना सहकारी. बायकोला वादात ओढलेलं पाहून सीव्हरने तडजोड मोडली. मला बाहेर काढा, असं त्याने संघाला कळवून टाकलं.

निरोपाच्या वेळी पत्रकारांसमोर चाहत्यांविषयी बोलताना त्याला हुंदका आवरेना. त्याच महिन्यात बळींच्या यादीत त्याने थोर पिचर सँडी कोफॅक्सला मागे टाकलं तेव्हा प्रेक्षकांनी उभं राहून त्याला मानवंदना दिली होती. तिच्याबद्दल त्याला सांगायचं होतं. अखेर एका पत्रकाराची वही घेऊन उरलेलं वाक्य त्याने लिहून दिलं.

चाहत्याचं दुःख समजून घ्यायचं तर या तिघांकडे पाहा. मालकाजवळ कागद होता. खेळाडूजवळही आता कायद्याने दिलेला हक्क होता. चाहत्याजवळ काय होतं? तिकिटांची फाटलेली अर्धुकं आणि आठवणी. त्याने या व्यवहारात दहा वर्षं घातली होती, मुलांना सीव्हरच्या ४१ क्रमांकाचे सदरे घातले होते. पण वाटाघाटीच्या टेबलाशी त्याची खुर्ची नव्हती. आणि जायंट्स शहर सोडून जात असताना ज्या एका माणसाने विरोध केला, त्याच ग्रँट यांनी वीस वर्षांनी शहराचा लाडका खेळाडू घालवला होता!

तरी हा बिनहक्काचा चाहता अगदीच मुका राहिला नाही. २१ ऑगस्ट १९७७ रोजी सीव्हर रेड्सचा गणवेश घालून मेट्सच्या शे स्टेडियमवर उतरला. तळाला गेलेल्या संघाचा सामना पाहायला ४६ हजारांवर लोक आले. सीव्हरसमोर मेट्सकडून उभा होता त्याचा जुना जोडीदार जेरी कूसमन. टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? लोकांनी सीव्हरसाठी वाजवल्या. तो ५-१ असा जिंकला, म्हणजे त्यांचाच संघ हरला. ज्याच्यासाठी आपण टाळ्या वाजवतो तो संघ आहे की माणूस, हा प्रश्न त्या दुपारी हजारोंना एकदमच पडला असणार.

पुढची तीन वर्षं, १९७७ ते १९७९, मेट्स आपल्या गटात शेवटचे आले. १९७० मध्ये वर्षभरात सुमारे २७ लाख प्रेक्षक आले होते. १९७९ मध्ये ते आठ लाखांच्याही खाली गेले. केवळ सीव्हर गेल्याने हे झालं असं म्हणता येणार नाही. संघच हरत होता. पण ओस पडलेल्या स्टेडियमला लोक ‘ग्रँटची समाधी’ म्हणू लागले. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांची समाधी न्यूयॉर्कमध्येच आहे, त्यावरचा हा शब्दखेळ. १९७८ च्या हंगामानंतर ग्रँट यांना जावं लागलं आणि १९८० मध्ये संघच विकला गेला.

या सगळ्यात बदल्यात आलेल्या चौघांचा विचार फारसा कुणी केला नाही. त्यांतला पॅट झॅकरी आदल्याच वर्षीचा संयुक्त सर्वोत्तम नवोदित होता. डग फ्लिनने पुढे उत्तम क्षेत्ररक्षणाचं पारितोषिक मिळवलं. पोरं वाईट नव्हती. पण ‘सीव्हरच्या बदल्यात आलेले’ ही पाटी त्यांच्या गळ्यातून निघाली नाही. चाहत्याचं प्रेम असं कधी कधी निरपराध माणसालाही चटके देतं. वानखेडेवरच्या हुर्योतही यातला काही भाग होताच.

नव्या मालकांनी डिसेंबर १९८२ मध्ये सीव्हरला परत आणलं. एप्रिल १९८३ मध्ये हंगामाच्या पहिल्या दिवशी तो मैदानातून चालत आला तेव्हा सारं स्टेडियम उभं राहिलं. पण जानेवारी १९८४ मध्ये संघाने राखून ठेवायच्या खेळाडूंच्या यादीत त्याचं नावच घातलं नाही. एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला कोण उचलणार, असा हिशेब होता. शिकागोच्या व्हाइट सॉक्सने उचललं! ४ ऑगस्ट १९८५ रोजी त्याने कारकिर्दीतला ३०० वा विजय मिळवला तो न्यूयॉर्कमध्येच. मात्र शिकागोच्या गणवेशात, यँकीजच्या मैदानावर.

तर मग खेळाडू नेमका कुणाचा? मालकाचा म्हणावं, तर फ्लडने विचारलेला प्रश्न अंगावर येतो. माणूस ही कुणाची मालमत्ता नव्हे. लोकांचा म्हणावं, तर लोकांच्या प्रेमापायी त्याने जन्मभर एका जागी बांधून घ्यावं, असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या आवडत्या खेळाडूला जायचं असेल तर ते त्याचं स्वातंत्र्य आहे, आणि त्याला घालवलं जात असेल तर ओरडणं हे आपलं. न्यूयॉर्कच्या चाहत्यांना १९७७ मध्ये हा फरक कळला. म्हणूनच त्यांनी राग काढला तो ग्रँट यांच्यावर, आणि परक्या गणवेशातल्या सीव्हरला मात्र टाळ्या दिल्या.

सीव्हर ३१ ऑगस्ट २०२० रोजी वारला. मेट्सच्या आताच्या स्टेडियमबाहेर १५ एप्रिल २०२२ रोजी त्याच्या पुतळ्याचं अनावरण झालं. त्याआधीच, २०१९ मध्ये, तिथल्या रस्त्याला त्याचं नाव देण्यात आलं होतं. ज्या संघाने त्याला दोनदा हातचं जाऊ दिलं, त्या संघाला आज पत्र पाठवायचं तर पाकिटावर पत्ता लिहावा लागतो: ४१, सीव्हर वे, न्यूयॉर्क.