मास्तरांची तबकडी

गेल्या वैशाखातली गोष्ट. आमच्या घरचा संगणक एकाएकी टकटक करू लागला. भिंतीवर पाल चुकचुकावी तसा आवाज, आणि तोही पेटीच्या पोटातून! हा संगणक मी 2011 साली हप्त्याने घेतला. माझ्या दोन कादंबऱ्या त्यावर टंकलेल्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिका त्यावर. पण मला घोर लागला तो त्यांचा नव्हे. आईच्या अखेरच्या दोन वर्षांत तिची खाट या टेबलाशेजारीच होती. तिने आठवून आठवून सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या मी तिथेच बसून उतरवून घेतल्या होत्या. तीनशेच्या वर भरल्या. त्यांतली एकही कागदावर नव्हती. मुलांना ‘वहीत लिहा, वहीत लिहा’ म्हणून इतकी वर्षे ओरडणाऱ्या चित्रकलामास्तराने हे कबूल करताना मान खाली घालावी हेच बरे.

बाजारातल्या एका दुकानदाराने पेटी न उघडताच निदान केले, “मास्तर, भंगारात घाला आणि नवा घ्या.” मी हिरमुसला होऊन घरी आलो. पण सुटीत आलेला माझा भाचा हसला. “मामा, दात दुखला म्हणून कोणी माणूस बदलतो का? हार्ड डिस्क जायला आली आहे आणि रॅम तोकडी आहे. एवढेच बदलू.”

संगणकाला दोन आठवणी असतात, हे मला त्या दिवशी नीट कळले. एक वर्गातल्या फळ्यासारखी: तास चालू आहे तोवर लिहायचे, तास संपला की पुसून जायचे. ती रॅम. दुसरी हेडमास्तरांच्या खोलीतल्या कपाटासारखी: दिवे गेले तरी दप्तर जागच्या जागी. ती हार्ड डिस्क. भाच्याने आधी कपाट वाचवायचे ठरवले. नवी तबकडी शेजारी जोडून त्याने जुनीवरचे सारे उतरवून घ्यायला लावले. जुनी अडखळत होती. “रात्रभर चालेल,” असे म्हणून तो झोपी गेला. मला कसली झोप! मी त्या टकटकीकडे कान लावून बसलो आणि हाताशी असलेल्या मोबाइलवर या तबकडीचे कूळ शोधू लागलो. ते थेट एका मास्तरापर्यंत जाऊन भिडले.

रेनॉल्ड जॉन्सन हे त्यांचे नाव. जन्म 1906 चा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आयर्नवुड नावाच्या गावी ते हायस्कुलात विज्ञान शिकवीत. उत्तरपत्रिका तपासण्याचा कंटाळा हा जगातल्या यच्चयावत मास्तरांचा समान वारसा आहे. या गृहस्थांनी त्याच्यावर इलाज काढला. शिसपेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते, हे त्यांनी हेरले. मुलांनी पेन्सिलीने खुणा केलेला कागद यंत्रात घालावा आणि यंत्राने गुण सांगावेत! आय.बी.एम. कंपनीने ही कल्पना विकत घेतली आणि 1934 साली मास्तरांनाही नोकरीवर ठेवले. पुढे 1952 साली कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे गावी एक नवी प्रयोगशाळा काढायला धाडले.

त्या काळी हिशेबाच्या यंत्रांची बरीचशी आठवण भोके पाडलेल्या कार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर असे. फितीची अडचण आपल्यापैकी ज्यांनी कॅसेट वाजवली आहे त्यांना सांगायला नको. शेवटचे गाणे हवे तर आधीची सगळी फीत गुंडाळायची. जॉन्सन मास्तरांच्या मंडळींना हवी ती नोंद, हवी तेव्हा, मधूनच उचलून हवी होती. त्यांनी फितीऐवजी फिरती तबकडी घेतली. तीही एक नव्हे, पन्नास. प्रत्येक दोन फूट व्यासाची. एकावर एक अंतर राखून रचलेल्या या तबकड्या मिनिटाला 1200 फेरे घेत आणि वाचणारा हात खालीवर सरकून हवी त्या तबकडीपाशी जाई. त्यांवर लोहाच्या भस्माचा लेप सारखा बसेना. मग फिरत्या तबकडीच्या मध्याशी कागदी पेल्यातून लेप ओतायचा आणि तो आपोआप कडेपर्यंत पसरू द्यायचा, ही युक्ती निघाली. लेप गाळायला कापड कुठले, तर बायकांच्या पायमोज्याचे! आमच्या घरी आमरस जुन्या धोतराने गाळीत, त्याची मला आठवण झाली. मोठमोठ्या प्रयोगशाळांतून स्वयंपाकघर पूर्णपणे हद्दपार होत नाही, हे वाचून बरे वाटले.

1956 च्या सप्टेंबरात ‘रॅमॅक’ या नावाने ते यंत्र जगापुढे आले. तबकड्यांच्या त्या कपाटाचे वजन टनाहून अधिक. त्यात मावत 50 लाख अक्षरे, तीही रोमन. आजच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट जागा खाते. त्या मापाने मी हिशेब केला, तर माझ्यासारख्याच्या चारेक कादंबऱ्यांत ते अवाढव्य धूड तुडुंब भरले असते. भाडे महिन्याला 3200 डॉलर! 1958 साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र ठेवले होते. प्रेक्षकाने साल विचारावे, यंत्राने त्या सालचा इतिहास दहा भाषांतून सांगावा. त्या दहांत मराठी नव्हती, हे वेगळे सांगायला नकोच.

पहाटे तीनच्या सुमारास टकटक वाढली आणि पडद्यावरचा आकडा हलेना. मी उठून पेटीवर हात ठेवला. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. दहा मिनिटांनी आकडा पुन्हा हलला.

फळ्याची, म्हणजे रॅमची, हकीकत निराळी. तिचे एक जुने रूप आपल्या मुंबईतही नांदून गेले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या माणसांनी बांधलेला संगणक 1960 साली चालू झाला आणि 1962 साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात 2700 निर्वात नळ्या होत्या, आणि आठवणीसाठी फेराइटच्या चिमुकल्या कड्या. काळ्या पोतीतल्या मण्यांसारख्या या कड्यांतून तारा ओवलेल्या असत. एकेका कडीत एकेक ‘हो’ किंवा ‘नाही’ साठवायचे. अमेरिकेत हे ओवण्याचे काम बायका हाताने करीत. टिफ्रॅकची अशी आठवण 2048 शब्दांची होती, शब्द 40 कड्यांचा. सारी मिळून ती आजच्या मापाने जेमतेम दहा किलोबाइट. पण त्या कड्यांचा एक गुण असा की वीज गेली तरी त्या विसरत नसत.

आजची रॅम विसरते. तिची कल्पना आय.बी.एम.च्याच रॉबर्ट डेनार्ड यांना 1966 साली सुचली. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा विजेचा रांजण, एवढ्यात एक खूण. रांजण मात्र गळका. म्हणून आतला मजकूर सेकंदाच्या 64 हजारांश भागात एकदा तरी पुन्हा भरून घ्यावा लागतो. पाढे रोज म्हणवून घेतले नाहीत तर मुले विसरतात, तसेच हे. फक्त हा वर्ग सेकंदाला पंधरासोळा वेळा पाढे म्हणतो. 1970 साली इंटेलने 1024 खुणांची चिप बाजारात आणली आणि ओवलेल्या कड्या हळूहळू मागे पडल्या. बायकांच्या हातांचे ते काम गेले, त्याची नोंद इतिहासात फारशी ठळक नाही. असायला हवी होती.

उजाडले तेव्हा नक्कल पुरी झाली होती. भाच्याने संगणकाची वायर काढली, बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली आणि मला पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावायला सांगितले. अंगातल्या विजेने चिप मरते म्हणे. रॅमची जुनी पट्टी काढायला दोन्ही टोकांचे खटके त्याने बाहेर दाबले. पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते; ती मध्यावर नसते, म्हणून पट्टी उलटी बसतच नाही. पिढी बदलली की खाचेची जागाही बदलते. 2007 च्या सुमारास आलेल्या पिढीची खाच 2014 च्या पिढीत बसणार नाही. रोटीबेटीव्यवहार बंदच! त्याने एक जुनी पट्टी ठेवायची म्हणून तिचे सोनेरी दात चक्क खोडरबराने घासले. माझ्या धंद्यातली एवढी एकच वस्तू त्या दिवशी उपयोगी पडली. दोन गिगाबाइटचे आता सहा झाले. पण जुनी 32 बिटांची प्रणाली चार गिगाबाइटांच्या पुढे मोजू शकत नाही, म्हणून तीही बदलावी लागली. नव्या तबकडीत तबकडी नाहीच, नुसत्या चिपा आहेत. जपानच्या फुजिओ मासुओका यांनी 1980 नंतरच्या दशकात काढलेल्या या चिपा वीज गेली तरी विसरत नाहीत. फिरणारे काही नाही, म्हणून टकटकही नाही.

यंत्र चटकन सुरू झाले. मी आईची फाइल उघडली आणि पोटात गोळा आला. पानभर रोमन अक्षरांचा आणि कंसांचा नुसता चुरा!

“मामा, घाबरू नका. तुम्ही कुठल्या फाँटात टंकले होते?”

जुने मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरी आकार बसवीत. फाँट नसला की मूळचे रोमन उघडे पडे. भाच्याने जुन्या तबकडीच्या नकलेतून तो फाँट शोधून काढला. क्षणभर पडदा पांढरा झाला, आणि पहिल्या ओळीत आईचे माहेर दिसले.

सौ. चहा घेऊन आली होती. ती उभ्याउभ्या वाचू लागली. चौथ्या ओवीशी थांबून म्हणाली, “इथे चुकलंय तुमचं. सासूबाई ‘मैना’ म्हणत नव्हत्या, ‘मैनी’ म्हणायच्या.”

मी ती दुरुस्ती केली आणि शाळेतून आणलेली दोनशे पानी वही काढली. आतापर्यंत एकशे बेचाळीस ओव्या शाईने उतरवून झाल्या आहेत.